जंगलात सायकलची वाट पाडायची असेल तर

सह्याद्रीत माउंटन बाइक घेऊन येणारे दरवर्षी वाढताहेत, पण त्यांच्यासाठी आखून पाडलेल्या वाटा अजून थोड्याच. मग सायकली जातात त्या जाळरेषांवरून, ढोरवाटांनी, नाहीतर मोळीवाल्यांच्या उभ्या पायवाटांनी. डोक्यावर ओझं असलं की माणूस जवळची वाट धरतो, म्हणून मोळीची वाट डोंगरावरून नाकासमोर उतरते. तिच्यावर दोन हंगाम सायकली उतरल्या की मागच्या चाकाची चाकोरी पडते. पहिल्या वळवात त्या चाकोरीचा ओघळ होतो आणि काही वर्षांत तिथे गुडघाभर घळ उभी राहते. मग सायकलवाले तिच्या कडेने दुसरी वाट काढतात आणि तिचंही तेच होतं.

दोष चाकावर टाकला जातो, पण माती वाहून नेतं ते पाणी. चाक फक्त त्याला तोंड करून देतं. म्हणून पुढची कृती दिसायला सायकलवाटेची असली तरी तिच्यातलं बहुतेक काम पाण्याचं आहे. ज्या डोंगररांगेवर महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, तिथे पाण्याला विचारल्याशिवाय वाट टिकत नाही.

कुदळ उचलण्याआधी कागद. जमीन कोणाची आहे ते सातबारावर आणि वनरक्षकाकडच्या नकाशावर, दोन्हीकडे पाहा. राखीव वनात परवानगीवाचून झाडोरा तोडणं किंवा माती खणणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. तिथला प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे जाऊ द्या, आणि तोंडी ‘करा हो’ वर कधी काम सुरू करू नका. अधिकारी बदलून जातात, पाडलेली वाट तिथेच राहते. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे, तिथे आत शिरायलाच परवानगी लागते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथल्या गाभ्यातून सायकलवाट काढायची कल्पना गटात कोणी मांडलीच, तर चहा पाजून विषय बदलावा.

माझ्या मते सायकलवाटेला खरी योग्य जागा म्हणजे गावालगतचं जंगल: जिथे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, किंवा जिथे संयुक्त वन व्यवस्थापन समिती नुसती कागदावर नाही, काम करते आहे. वनखात्याला विचारावं लागतंच, पण ग्रामसभेचा ठराव हाती असला की विचारणं सोपं जातं, आणि पुढे वाट सांभाळायला माणसं गावातलीच मिळतात. ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या: वाट कोणत्या महिन्यांत बंद राहील, तिच्यावर पहिला हक्क कोणाचा (पायी माणसाचा आणि गुरांचा), आणि दुरुस्तीचा खर्च कोण देईल. तिसऱ्या गोष्टीवर सगळे गप्प बसले, तर वाट पाडूच नका.

साहित्य साधं आहे. कुदळ, टिकाव, फावडं, घमेली, दोन पहारी, कोयता, झाडणीसाठी दाताळं, माती चोपायला धुमस, रंगीत फिती आणि एक हायड्रोमार्कर. फोनमध्ये उतार मोजणारं अॅप असतं, पण गर्द झाडीत घामेजल्या हातांनी ते वापरण्यापेक्षा हायड्रोमार्कर बरा. हायड्रोमार्कर म्हणजे मापाच्या खुणा केलेल्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी पाणी भरलेली पारदर्शक नळी. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी २०१६ पासून गावोगावच्या लोकांनी याच साधनानं समतल रेषा आखून चर खणले. तुमच्या भागात असं काम झालेलं असेल, तर त्यातल्या दोन माणसांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. त्यांना डोंगराचा उतार डोळ्यांनी वाचता येतो, शहरातून आलेल्या सायकलपटूला सहसा येत नाही. एकच गोष्ट त्यांना आधी समजावून सांगावी लागते. समतल चर पाणी अडवून जिरवण्यासाठी असतो. सायकलची वाट पाणी लगेच सोडून देण्यासाठी असते. साधन तेच, हेतू अगदी उलटा.

आखणी पावसात सुरू होते. श्रावणात, चांगला पाऊस चालू असताना, तो डोंगर पायी फिरा. कोणती घळ वाहते, कुठे झरा फुटतो, कोणता भाग दोन दिवस उघडीप मिळूनही चिखलाचा राहतो, हे तेव्हाच दिसतं. जानेवारीत सगळा डोंगर सारखाच कोरडा असतो. बरोबर एखादा गुराखी किंवा धनगरवाड्यावरचा जाणता माणूस घ्या आणि त्याला ‘वाट कुठून काढू’ असं विचारू नका. ‘इथे पाणी कुठून येतं’ असं विचारा. या फेरीत नकाशावर आधी टाळायच्या जागा मांडून घ्यायच्या. देवराई पूर्ण सोडायची, तिची कडही घासायची नाही. आग्या मोहोळांचे कडे सोडायचे. पाणवठे सोडायचे, कारण संध्याकाळी तिथे जनावरं येतात. कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे जांभ्याचे सडेही सोडा. त्यांच्यावरच्या इंचभर मातीत पावसाळी वनस्पतींचं सगळं जग असतं, आणि कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते काही उगाच नाही. टाळायच्या जागा मांडून झाल्या, की उरतात त्या जागांवर जायला आवडेल अशा गोष्टी मांडा: एखादा मोठा आंबा, दरीकडे उघडणारी सोंड, बसायला सपाट कातळ. वाट या ठिकाणांना जोडत गेली की माणसं तिच्यावरच राहतात. नाहीतर ती ठिकाणं बघायला स्वतःची वाट काढतात.

आता चढ. इथे थोडं गणित करावं लागतं, ते टाळू नका. उतार टक्क्यांत मोजायचा: शंभर मीटर आडवं जाताना आठ मीटर चढलो तर चढ ८ टक्के. आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटनेनं, म्हणजे इम्बानं, वाटा पाडण्याची जी पद्धत रूढ केली तिच्यात दोन नियम पायाचे आहेत. पहिला, संपूर्ण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवा. दुसरा जास्त महत्त्वाचा: कोणत्याही ठिकाणी वाटेचा चढ तिथल्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगर २४ टक्के उतरत असेल तर वाट १२ टक्क्यांपर्यंत चालेल. डोंगर १५ टक्केच असेल तर साडेसातच्या वर नाही. कारण सरळ आहे. पाणी नेहमी सर्वांत उभ्या दिशेनं जातं. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या जवळ गेला, की वाटेवरून वाहत जाणं हेच पाण्याला सोपं पडतं. निम्म्याच्या आत राहिलात, तर ते वाट ओलांडून खाली निघून जातं. म्हणूनच सपाटीवरची वाट उतारावरच्या वाटेहून अवघड. नवख्यांना उलट वाटतं. सपाटीवर पाण्याला जायला जागाच नसते. वाट तुडवून खाली बसते, तळं होतं, आणि प्रत्येक जण तळ्याच्या कडेनं जात वाट रुंद करतो. मध्यम उताराची बाजू मिळत असताना सपाटीचा मोह धरू नका.

मोजायचं असं. एक जण काठी घेऊन उभा राहतो, दुसरा वाटेच्या दिशेनं ५ मीटरवर. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला असतं, म्हणून खालच्या बाजूच्या काठीवर आकडा मोठा दिसतो. दोन आकड्यांत ४० सेंटिमीटरचा फरक आला तर चढ ८ टक्के. तिथे फीत बांधा, पुढे सरका. झाडाला खिळा ठोकू नका. डोंगराचा स्वतःचा उतारही अधूनमधून असाच मोजा, काठी थेट खाली धरून. सगळी लांबी अंदाजानं आधी काढून ठेवली तर मन घट्ट होतं: खिंडीपर्यंत १२० मीटर उंची गाठायची असेल तर ८ टक्क्यांनी दीड किलोमीटर वाट लागेल. मोळीची वाट तीच उंची चारशे मीटरमध्ये गाठते, म्हणजे ३० टक्क्यांनी. लोक हसतील, ‘एवढा वळसा कशाला’ म्हणतील. हसू द्या.

आखलेली रेषा लहरत ठेवा. सलग चढ किंवा सलग उतार कधीच नको. दर ६ ते १५ मीटरवर वाट थोडी खाली उतरून पुन्हा चढली पाहिजे, म्हणजे वरून वाटेनं येणारं पाणी त्या खोलगटीत अडखळून बाहेर पडतं. ही खोलगट नंतर खणून करण्यापेक्षा फिती बांधतानाच रेषेत आणावी. डोंगरावरच्या लहानसहान पन्हळींत वाट खाली उतरते आणि पलीकडे चढते, एवढंच करायचं असतं. जुन्या पद्धतीनं वाटेत आडवा ओंडका किंवा दगडांची ओळ टाकून पाणी वळवू नका. त्यामागे गाळ साठून ते दोन पावसांत भरतात. ओल्या ओंडक्यावर चाक घसरतं, आणि घसरायला नको म्हणून सायकलवाला कडेनं जातो.

याच टप्प्यावर वेगाचाही विचार करा. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मॅरिन भागात तमालपायस डोंगराच्या परिसरात १९७६ मध्ये रीपॅक नावाची उताराची शर्यत सुरू झाली. जुन्या जड सायकलींच्या मागच्या ब्रेकमधलं ग्रीस उतारावर जळून जायचं, खाली आलं की नवं भरावं लागायचं, म्हणून ते नाव. माउंटन बाइकचा जन्म साधारण तिथलाच. आणि त्याच मॅरिनमध्ये पुढे सायकलींना अरुंद पायवाटा बंद झाल्या, कारण चालणारे आणि घोडेवाले वैतागले. कॅलिफोर्नियातल्या सायकल क्लबांनी १९८८ मध्ये इम्बा उभी केली ती अशाच बंद होणाऱ्या वाटांपायी. त्यामुळे मला वेगाचा प्रश्न वळणावर पाटी लावून सुटेलसा वाटत नाही. तो रेषेतच सोडवावा लागतो. जिथे ढोरवाट आडवी येते किंवा पाणवठ्याला जाणाऱ्या बायकांची वाट मिळते, त्याच्या आधी वाट थोडी चढवा आणि दोन मोठे दगड आणून मध्ये सव्वा मीटरची फट ठेवा. आजकालचं हँडल पाऊण मीटरहून रुंद असतं. त्या फटीतून कोणी भरधाव जात नाही. ओलांडणी काटकोनात करा, आणि तेवढ्या तुकड्यावर दगड बसवा, म्हणजे खुरांनी कड ढासळत नाही.

खणायला दिवाळीनंतर लागा. भातकापणी आटोपलेली असते, माणसं मोकळी असतात, आणि मातीत अजून ओल असते. ओली माती चोपली की बसते, मार्चमधली कोरडी माती धुरळा होऊन उडते. आधी कोयत्यानं दीड मीटर रुंदीत झुडपं मोकळी करा, डोक्यावर अडीच मीटर उंचीपर्यंत. वरचं छत तोडू नका. शेकरू झाडावरून झाडावर जातो, ते छत तुटलं की त्याचा रस्ता तुटतो. शिवाय ऊन आत आलं की वाटेच्या कडेला घाणेरी आणि रानमोडी माजते आणि दरवर्षी तेच छाटत बसावं लागतं. कारवी तोडावी लागली तर अगदी जमिनीलगत तोडा. कोयत्याच्या तिरक्या घावानं राहिलेलं बोटभर खुंट पडणाऱ्या माणसाच्या पोटरीत भाल्यासारखं शिरतं. दगड उचलताना आधी पहारीनं हलवा, मग हात लावा. खाली फुरसं असू शकतं.

नंतर पालापाचोळा आणि वरची काळी माती बाजूला ओढून ठेवा. ही काळी माती वाटेवर नको, ती पाणी धरून ठेवते. खालचा मुरूम लागेपर्यंत जा. आता डोंगरात पायरी कापायची. वाटेची पूर्ण रुंदी कापलेल्या जमिनीवर असली पाहिजे. अर्धी कापून, निघालेली माती खालच्या बाजूला भरून अर्धी बनवायची, हा मोह प्रत्येक गटाला होतो, आणि ती भरलेली कड पहिल्या पावसाळ्यात खाली जाते. काम किती आहे ते आधीच कळलेलं बरं: ४० टक्के उतारावर ९० सेंटिमीटर रुंद पायरी कापताना डोंगराकडे ३६ सेंटिमीटर खोल जावं लागतं, आणि दर दहा मीटरला अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त माती निघते. डोंगराकडची कापलेली भिंत उभी ठेवू नका, तिरकी उतरती करा, नाहीतर ती वाटेवर ढासळते. निघालेली माती खाली लांबवर विखरून टाका, कडेला ढीग लावू नका. कडेचा ढीग म्हणजे बांध, आणि बांध म्हणजे वाटेचा पाट. बाजूला ठेवलेली काळी माती शेवटी त्या भिंतीवर आणि विखुरलेल्या मुरुमावर पसरा. गवत लवकर धरतं.

झाडाच्या बुंध्यापासून जमेल तितकं लांब राहा. जाड मुळं आलीच तर तोडू नका, दोन्हीकडून दगड-मुरूम भरून वाट त्यांच्यावरून उचलून न्या.

वाटेचा पृष्ठभाग दरीकडे ५ टक्के कललेला ठेवा, म्हणजे मीटरभर रुंदीत ५ सेंटिमीटर. डोळ्यांना हा कल जवळजवळ दिसत नाही आणि चाकाला जाणवत नाही. धुमसानं चोपल्यावर कळशीभर पाणी वाटेवर ओता. ते हातभर अंतरात कडेवरून खाली गेलं तर ठीक. वाटेनं पुढे पळालं तर तेवढा तुकडा पुन्हा करा. हा प्रयोग दर दहा-पंधरा मीटरला करायला पाण्याचे कॅन वाहून न्यावे लागतात, गट कुरकुरतो, पण पावसाळ्यात करायच्या दुरुस्तीपेक्षा हे फार स्वस्त पडतं.

वळणांना सगळ्यात जास्त वेळ द्या. वळताना वाट क्षणभर डोंगराच्या थेट उतारावर येते, म्हणजे निम्म्याचा नियम तिथे मोडतोच. म्हणून वळणं कमी ठेवा आणि सोंडेवर, जिथे डोंगर स्वतःच मंद होतो, तिथे घ्या. सोंडेवर पाणी दोन्हीकडे निघून जातं. त्रिज्या तीन मीटरच्या आसपास मिळाली तर चढणाऱ्याला पाय न टेकता वळता येतं. वळणाच्या थोडं आधी, वरच्या अंगाला, एक खोलगट हवीच, नाहीतर वरच्या हाताचं सगळं पाणी वळणात येऊन बसतं. सायकलीला आतल्या अंगाला कललेलं वळण आवडतं; ते करायचं असेल तर वळणातून बाहेर पडताना दुसरी खोलगट ठेवून आत जमलेलं पाणी तिथे सोडा. वळणाआधी लांब उभा उतार ठेवू नका, कारण तिथे ब्रेक दाबले जातात, मागचं चाक घसरतं आणि माती सुटते.

ओढा ओलांडताना वाट दोन्ही काठांकडून ओढ्यात उतरली पाहिजे. एका बाजूनं उतरून दुसरीकडे तशीच उतरत गेली, तर एखाद्या पुरात ओंडका अडकला की सबंध ओढा तुमच्या वाटेनं चालू लागतो. तळाला काळ्या पाषाणाची फरसबंदी करा. खालच्या अंगापासून सुरुवात, सर्वांत मोठा दगड पायाला, खडबडीत बाजू वर, आणि प्रत्येक दगडाचा मोठा भाग जमिनीत. एका माणसाला सहज उचलता येतो तो दगड या कामाला लहानच समजावा.

वाट तयार झाली की आधी हळू चालणारा गट तिच्यावरून दोन-चारदा फिरवा, माती बसते. मग उघडा. जूनच्या पहिल्या दमदार पावसाला बंद करा आणि पावसाळाभर बंद ठेवा. ओल्या वाटेवरची एकच चाकोरी सगळा कल मोडायला पुरते. त्या चार महिन्यांत गटानं पायी, फावडं खांद्यावर घेऊन, भर पावसात फेरी मारायची. पाणी कुठे वाटेनं चाललंय ते बघा आणि तिथल्या तिथे कड कापून त्याला बाहेर काढा. चाकांनी आणि खुरांनी मध्ये दबलेली, कडेला उचललेली वाट दर वर्षी थोडी थोडी पाट होत जाते. म्हणून पावसाआधी मेमध्ये एकदा बाहेरची कड खरवडून कल परत आणावा, आणि खोलगटींत साचलेला पालापाचोळा व गाळ काढावा. वर्षाचं मोठं काम एवढंच.

दोन वळणांच्या मध्ये कोणीतरी सरळ उतरून चोरवाट पाडणार, हे धरून चाला. ती दिसताच बुजवा, पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका. बुजवताना मधला भाग सोडून दोन्ही तोंडं झाका, कारण माणूस जातो तो समोर वाट दिसते म्हणून. तोंडाशी माती टिकावानं भुसभुशीत करा, कारवीच्या काटक्या आणि फांद्या रेषेला आडव्या टाका, दोन-तीन दगड अर्धे पुरून ठेवा. पहिल्या पावसात तिथे काय उगवतंय ते बघा. काहीच उगवलं नाही तर चोरवाट अजून चालू आहे, आणि तुमचं वळण तिथे चुकीच्या जागी पडलंय.